सातव्या घावानंतर

खाटकानं मटणाचे तुकडे मशीनच्या तोंडाशी नेले, तसा मिस्त्रीनं हात पुढे करून त्या तोंडावर आपला पंजा ठेवला.

खाटीक जागच्या जागी थबकला. बटणाकडे गेलेलं बोट त्यानं हळूच मागे घेतलं आणि त्या हाताकडे पाहत राहिला. चाळीस वर्षं रंधा आणि पटाशी धरून तो हात लाकडासारखाच झाला होता. करंगळीचं शेवटचं पेर तर कधीच कुठल्याशा करवतीला देऊन झालं होतं.

"उरलेल्या बोटांचाही खिमा न्यायचा विचार आहे का मिस्त्री? त्याचा भाव निराळा लावावा लागेल."

"मशीनमध्ये नको. तुकडेच दे."

"गेलं वर्षभर तर मशीनचाच नेताय."

"आज घरी करायचाय. सुरीनं."

खाटकाच्या तोंडावरचं हसू ओसरलं. त्यानं ते तुकडे बाजूला सारले आणि न विचारता आकड्याला लटकवलेल्या खांद्याला हात घातला. मिस्त्रीची बायको पंचवीस वर्षं या फळीपुढं उभी राहून मटण घ्यायची. दोन वाटे खांदा, एक वाटा मांडी आणि बोटभर चरबी, तीही पांढरीशुभ्र असली तरच. तुकडा उलटून दाखवल्याशिवाय ती पिशवीचं तोंड उघडायची नाही. बाई समोर आल्या की मी परीक्षेला बसतो, असं खाटीक सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा. त्यावर ती म्हणायची, बसत जा, होशील पास कधीतरी.

सुरीच्या टोकानं त्यानं मटणावरचा पातळ पडदा सोलला, शिरा ओढून काढल्या.

"कोण येतंय?" मान वर न करता त्यानं विचारलं.

"थोरला."

सुरी क्षणभर अडली आणि मग पुन्हा चालू लागली.  पुडा बांधताना खाटकानं चरबीचा एक तुकडा कापून वर ठेवला.

"बाईंचं माप," तो म्हणाला.

मिस्त्री घराकडे निघाला तेव्हा ऊन अजून अंगावर आलं नव्हतं. सुट्टीचा दिवस, दुकानं अर्धी उघडी, अर्धी बंद. सायकलवाल्यानं विचारलं, काय मिस्त्री, पिशवी जड दिसते. मिस्त्रीनं नुसती मान हलवली. थोरला साडेबाराला येणार होता. आणायला कुणी येऊ नका, वाट विसरलेलो नाही, असं त्यानं धाकट्या भावाबरोबर सांगून पाठवलं होतं. म्हणजे अजून अडीच तास होते. अकरा वर्षं गेली त्या मानानं अडीच तास म्हणजे काहीच नाही, पण मिस्त्रीला ते अंगावर येत होते.

थोरला घर सोडून गेला त्याला एक दार कारण झालं होतं. एका डॉक्टरच्या नव्या घराची चौकट मिस्त्रीनं बसवली. थोरल्यानं ओळंबा सोडून पाहिलं आणि घरमालकाच्या देखत म्हणाला, बाबा, चौकट दोन सूत कललीय. ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच मिस्त्रीचा हात उठला. तेवीस वर्षांच्या पोराला त्यानं चारचौघांत थोबाडीत मारली. पोरानं ओळंब्याची दोरी नीट गुंडाळली, तो पेटीत ठेवला, पेटी बापाच्या पायाशी ठेवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं ती चौकट उखडून पुन्हा बसवली, एकट्यानं. कुणी विचारलं तर तो ही गोष्ट सांगायचा. यात चूक आपली होती हेही हळूहळू सांगायला शिकला होता.

दुसरी गोष्ट मात्र त्यानं कुणालाच सांगितली नव्हती.

थोरला परत आला होता. गेल्यानंतर दोन वर्षांनी, अशाच एका सुट्टीच्या दिवशी, जेवणाआधी. दार उघडंच होतं आणि तो उंबऱ्याबाहेर उभा होता, दाढी वाढलेली, गळ्याची हाडं वर आलेली. आत बायको खिमा चिरत होती. दोन्ही हातांत सुऱ्या, ओंडक्यावर एकामागून एक घाव, उजवा, डावा, उजवा, डावा. एकदा तिचा हात लागला की तो आवाज खंड न पडता चालायचा आणि त्यात तिला दुसरं काही ऐकू यायचं नाही. मिस्त्री बाहेरच्या खोलीत होता. तो उठून दारात गेला.

"आईला भेटायचंय," थोरला म्हणाला.

एवढंच. बाबा नाही, कसे आहात नाही. ते मिस्त्रीला लागलं. पुढं नऊ वर्षं त्यानं मनाशी हिशेब मांडला, आणि प्रत्येक वेळी तो त्या एका वाक्यापाशी येऊन अडला. पोरानं नुसतं बाबा म्हटलं असतं तर आपण बाजूला झालो असतो, असं तो स्वतःला सांगायचा. चौकटीवर हात आडवा टाकून तो म्हणाला होता, "तुझ्या आईला तुझं तोंड बघायचं नाही. तू आलायस ते कळलंय तिला. ऐक."

आणि दोघांनी ऐकलं होतं. आत सुऱ्या चालत राहिल्या. थांबल्या नाहीत, मंदावल्या नाहीत. थोरला मान थोडी वाकडी करून ऐकत राहिला. मग पाठ फिरवून निघून गेला.

बायको हात पुसत बाहेर आली तेव्हा गल्ली रिकामी होती. कोण होतं, तिनं विचारलं. कुणीतरी पत्ता विचारत होता, मिस्त्री म्हणाला.

चार दिवसांनी पोरगं पुन्हा येईल, तेव्हा आपण गप्प बसू, असं त्याला वाटलं होतं. पोरगं आलं नाही. सांगायचं काम उद्यावर गेलं, उद्याचं परवावर गेलं, आणि वर्षं तशीच निघून गेली. मग चौदा महिन्यांपूर्वी तीन दिवसांच्या तापात बायकोच गेली. थोरल्याचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नव्हता. धाकटा लाकडाचा ट्रक चालवतो. त्याला गेल्या महिन्यात एका दूरच्या गावी फर्निचरच्या कारखान्यात भाऊ अचानक दिसला. आई गेल्याचं ऐकून थोरल्यानं हातातली फळी भिंतीला टेकवली, शेडमागं गेला आणि तासाभरानं बाहेर आला. एकदा जेवायला येईन म्हणाला. दोन अटी घातल्या: राहायचा आग्रह करायचा नाही आणि आईचा विषय काढायचा नाही.

धाकट्यानं हे सांगितलं तेव्हा मिस्त्रीला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या रात्री त्याला अन्न गेलं नाही.

घराशी आल्यावर त्यानं दार ढकललं. ते आवाज न करता उघडलं.

एके काळी हे दार साऱ्या गल्लीत गाजलेलं होतं. बिजागऱ्या अशा किंचाळायच्या की वरच्या मजल्यावर कळायचं, मिस्त्रीकडे कुणीतरी आलं. सुताराच्या घरचं दार म्हणून लोक हसायचे. मिस्त्री तेलाची बाटली घेऊन गेला की बायको आडवी यायची. घर माझं आहे, तुमचं दुकान नाही, राहू द्या ते तसंच. कधी कधी बायकांना कशाचं काय लागतं ते देवाला माहीत, असं म्हणून तो बाटली परत ठेवायचा. ती गेल्यावर महिन्याभरात त्यानं दोन कामं केली. बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि खिम्याचा ओंडका पोत्यात गुंडाळून खाटेखाली सरकवला. सुनेला, धाकट्याच्या बायकोला, सांगितलं, यापुढं खिमा मशीनचाच आणायचा, घरात तो आवाज नको.

आवाज गेला नाही. सुट्टीच्या दिवशी, अकरा-साडेअकराच्या सुमारास, मिस्त्री बाहेरच्या खोलीत काहीतरी घासत-तासत बसलेला असायचा आणि स्वयंपाकघरातून सुऱ्यांचा आवाज यायचा. पहिल्या काही वेळा तो उठून बघायला गेला. आत कुणी नसायचं. सून मागं कपडे वाळत घालत असायची, ओटा कोरडा असायचा, सुऱ्या खुंटीला. मग त्यानं उठणं सोडलं. हातातला रंधा खाली ठेवून तो आवाज संपेपर्यंत बसून राहायचा. आवाज अगदी तिचाच, तिच्या शेवटच्या वर्षांतला: सात घाव, मग एका श्वासाएवढी पोकळी, मग पुढचे सात. ती पोकळी तिच्या मनगटानं आणली होती. म्हणजे मिस्त्रीचा तसा अंदाज होता. पूर्वी न थांबता चालणारा हात मध्ये मध्ये अडायला लागला, तेव्हा त्यानं काही न बोलता दोन्ही सुऱ्यांना नव्या मुठी बसवून दिल्या होत्या, हलक्या लाकडाच्या, तिच्या पंजाच्या मापाच्या. बरं झालं, ती म्हणाली. तरी अडायची ती अडायचीच. वय झालं, तो मनाशी म्हणाला होता.

आज त्यानं स्वतःच खाटेखाली हात घालून ओंडका ओढून काढला. चिंचेच्या बुंध्याचा तो आडवा काप त्यानंच लग्नानंतर पहिल्या वर्षी करून दिला होता. मधोमध दोन खळगे पडले होते, एक खोल, एक उथळ. उजव्या हाताचा आणि डाव्या हाताचा.

सुनेचा कांदा चिरून झाला होता. तिनं ओंडक्याकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे.

"बाबा, मशीनचा नाही आणला?"

"नाही. तुला येतो ना सुरीनं?"

"येतो की. आईंनीच शिकवलाय."

तिनं ओंडका गरम पाण्यानं घासून धुतला, पुसला, खाली पोत्याची घडी घातली म्हणजे तो सरकायचा नाही. मटण आधी धुऊन फडक्यानं कोरडं टिपून घेतलं. चिरल्यावर धुतलं तर चव पाण्याबरोबर जाते. त्याच्या पट्ट्या केल्या, पट्ट्यांचे बारके तुकडे केले, दोन वाटे केले आणि पहिला वाटा ओंडक्यावर घेऊन खुंटीवरच्या सुऱ्या काढल्या. मिस्त्री बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. जेवायच्या वेळी पाट कमी पडेल म्हणून एक जुना पाट त्यानं घासायला घेतला होता.

आत घाव सुरू झाले. तो बसून राहिला. हा आवाज खरा होता, सून आत होती. एक, दोन, तीन. तो पाट घासू लागला. पाच, सहा, सात.

आवाज थांबला.

एका श्वासानं पुन्हा सुरू झाला. सात घाव. पुन्हा थांबला.

मिस्त्रीच्या हातातला काचकागद खाली पडला. तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. सून मान खाली घालून चिरत होती. सातवा घाव झाला की तिच्या दोन्ही सुऱ्या हवेत राहत, मान जराशी बाहेरच्या खोलीकडे वळे आणि मग हात खाली येई.

"मनगट दुखतंय का तुझं?"

"नाही हो. का?"

"मध्येच थांबतेस."

"ते होय. आईंनी असंच शिकवलं. सात झाले की थांबायचं, एक श्वास. मग पुढचे सात."

"तिचं मनगट दुखायचं म्हणून."

सून हसली. भरलेला हंडा एका हातानं उतरवायच्या त्या, म्हणाली, त्यांचं मनगट कुठलं दुखतंय. सुरीच्या पात्यानं तिनं पसरलेला खिमा गोळा केला, घडी घालून उलटा केला. पुढं बोलावं की नाही, असा तिचा हात घुटमळला.

"मग कशासाठी?" मिस्त्रीनं विचारलं.

"दार ऐकू यावं म्हणून."

मिस्त्री दाराच्या चौकटीला धरून उभा होता. सुनेनं मग जे सांगितलं ते मटणाकडे बघतच सांगितलं. लग्न होऊन ती नवी या घरात आली तेव्हा हे थांबणं तिला गमतीचं वाटलं होतं. एकदा नादात ती तशीच चिरत गेली, तर सासूनं येऊन तिचं मनगट धरलं. रागावली नाही, नुसतं धरून ठेवलं. थोरला एकदा येऊन गेला होता, सासू म्हणाली. मी खिमा चिरत होते, मला कळलंच नाही. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी त्याला गल्लीतून परत जाताना पाहिलं आणि संध्याकाळी येऊन सांगितलं. किती वेळ दार वाजवलं असेल पोरानं. तेव्हापासून मी थांबते, तूही थांबत जा. सुट्टीच्या दिवशी आलेला तो, पुन्हा आला तर सुट्टीच्याच दिवशी येईल.

"दाराला तेल घालू देत नव्हत्या तेही त्याचसाठी," सून म्हणाली.

पातेल्यात तेल तापलं होतं. तिनं उठून कांदा टाकला. तो तडतडत असताना मिस्त्रीनं विचारलं. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की तिला वळून बघावं लागलं.

"मी कुठं होतो त्या वेळी, ते नाही म्हणाली ती?"

"मी विचारलं होतं एकदा." तिनं उलथन्यानं कांदा हलवला. "म्हणाल्या, ते बाहेरच्या खोलीत होते. त्यांनाही ऐकू आलं नसेल."

मिस्त्रीची नजर ओंडक्यातल्या खळग्यांवर गेली.

"मग बराच वेळ गप्प बसल्या होत्या," सून म्हणाली.

कांदा लाल झाला. सुनेनं आलं-लसूण घातलं, वास उठला, मग चिरलेला पहिला वाटा पातेल्यात सोडला. मांस आधी पांढुरकं झालं, मग त्याला पाणी सुटलं. ते पाणी आटेपर्यंत हलवत राहावं लागतं, नाहीतर गोळे होतात. दुसरा वाटा ओंडक्यावर तसाच पडला होता.

"दे इकडे," मिस्त्री म्हणाला.

"तुम्ही?"

"सुऱ्यांना मुठी मी बसवल्यात. धरता येतील."

तो ओंडक्यापुढं बसला. मुठी त्याच्या पंजाला लहान होत्या. पहिले घाव वेडेवाकडे पडले, मटण ओंडक्याच्या कडेला उडालं. मग हाताला लय सापडली. हातोडा मारणाऱ्या हाताला लय सापडायला वेळ लागत नाही. एक, दोन, तीन. जाईपर्यंत जवळजवळ आठ वर्षं तिनं त्याला एक शब्द विचारला नव्हता. चार, पाच. पत्ता विचारणाऱ्या माणसाबद्दलही नाही. त्याला ताटात वाढायची, त्याच्या सदऱ्याची बटणं लावून द्यायची, नव्या मुठी बघून बरं झालं म्हणायची. सहा, सात.

तो थांबला. कान दिला.

पातेल्यातलं रटरटणं, सुनेच्या बांगड्या, वर कुणीतरी खुर्ची सरकवली. बाकी काही नाही. त्यानं पुढचे सात घातले. पुन्हा कान दिला. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. आणि मग एका पोकळीत, सुऱ्या हवेत असताना, त्याच्या लक्षात आलं की कान देऊन उपयोग नाही. दार आता बोलणार नाही. त्यानंच त्याचं तोंड बंद केलं होतं.

सुऱ्या ओंडक्यावर ठेवून, हात फडक्याला पुसत तो बाहेरच्या खोलीत आला.

थोरला आत आला होता. उंबऱ्याच्या आत एक पाऊल, तेवढाच. एक चप्पल काढलेली, दुसरी पायात. उजव्या हाताचा अंगठा चौकटीच्या कडेवरून वर-खाली फिरवत होता, सुतार नकळत फिरवतात तसा. कानांवरचे केस पिकले होते. तो कधीपासून उभा होता ते सांगता येत नव्हतं.

"दाराचा आवाज गेला," थोरला म्हणाला.

"तेल घातलं."

थोरल्यानं मान हलवली. त्याची नजर बापाच्या हातांवर गेली, मटणाचा लालपणा अजून नखांत होता.

"आत कोण चिरत होतं?"

"मी."

"मला वाटलं..." त्यानं वाक्य सोडून दिलं. अंगठा चौकटीवर थांबला. "तुम्ही मध्ये मध्ये थांबत होतात. आई थांबायची नाही."

आणि बोलून गेल्यावर त्यानं ओठ घट्ट मिटले. अट त्याचीच होती.

आत सुनेचं उलथनं थांबलं होतं. खिमा खाली लागत असणार, पण तिनं हलवला नाही. मिस्त्रीला कळत होतं की आता फक्त ये, हातपाय धू, एवढं म्हटलं की झालं. धाकटा येईल, चौघं जेवायला बसतील, पोरगं जेवेल, चांगला झालाय म्हणेल आणि संध्याकाळच्या गाडीनं जाईल. पुन्हा कधीतरी येईलही. आई आपलं तोंड बघायला आली नाही, हे बरोबर घेऊन जाईल आणि बरोबर घेऊन येईल. त्यानं आपले हात पुन्हा एकदा फडक्याला पुसले. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"थांबायची," तो म्हणाला. "तू येऊन गेलास, त्यानंतर थांबायची. दर सात घावांनी. दार ऐकू यावं म्हणून."

थोरला त्याच्याकडे पाहत राहिला.

"तिला कळलं होतं मी आलोय ते. तुम्हीच म्हणालात."

"मी तिला सांगितलंच नव्हतं."

गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली. थोरल्याचा हात चौकटीवरून खाली आला. तो वळला, दाराची फळी धरली, ओढली, पुन्हा ढकलली. पुन्हा ओढली. वरच्या बिजागरीला बोट लावून पाहिलं, बोटावरचं तेल पाहिलं. मिस्त्री जागचा हलला नाही. अडवायला हात आडवा टाकायची सवय होती त्याला, पण दोन्ही हात फडक्यात गुंडाळलेले राहिले.

"नऊ वर्षं," थोरला दाराकडे बघत म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही.

मग त्यानं फळी शेवटच्या वेळी ढकलली ती भिंतीला टेकेपर्यंत. आणि तिथंच, दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून, गुडघे वर घेऊन खाली बसला. दुसरी चप्पल अजून पायातच होती. मिस्त्री समोरच्या भिंतीशी बसला. दोघांच्या मध्ये अर्धवट घासलेला पाट पडला होता.

आत सुनेनं पातेलं उतरवल्याचा आवाज आला. तिनं बाहेर डोकावून पाहिलं नाही. अर्धा वाटा ओंडक्यावर राहिला होता. सुऱ्या उचलल्या गेल्या आणि घाव पडू लागले, उजवा, डावा, उजवा, डावा. थोरल्यानं मान थोडी वाकडी केली.

सातवा घाव झाला. आवाज थांबला.

त्या एका श्वासात दोघांनीही दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. मग आत सुऱ्या पुन्हा चालू लागल्या.